डेटा स्ट्रक्चरच्या प्रात्यक्षिक वहीत नेमके काय लिहावे?

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की विद्यार्थी, आणि कधी कधी त्यांचे पालकही, डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती यंत्रात कशी रचून ठेवावी या विषयासाठी, कोणते पुस्तक घ्यावे अशी विचारणा करतात. बाजारातले कोणतेही बरे पुस्तक चालते, हे माझे उत्तर ठरलेले आहे. मला या धाग्यावर बोलायचे आहे ते वहीबद्दल. प्रात्यक्षिकाची वही, म्हणजे आपण सगळे जिला जर्नल म्हणतो ती, बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, सबमिशनच्या आठवड्यात तिच्यावर घाऊक सह्या होतात आणि नंतर ती विभागाच्या कपाटात जाऊन पडते. माझे म्हणणे असे आहे की या वहीत विद्यार्थ्याच्या यंत्रावर प्रत्यक्षात जे घडले तेवढेच लिहिले गेले, तर दुसऱ्या वर्षाचा निम्मा अभ्यास त्या वहीतच होऊन जातो.

एक उदाहरण देतो. फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) काढण्याचा रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा, प्रोग्रॅम प्रत्येक वहीत असतो. मध्यंतरी एका वहीत टर्बो सी हा जुना कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे साधन) वापरल्याचा उल्लेख होता, चलाचा प्रकार साधा इंट (पूर्णांक) होता, आणि आउटपुटच्या जागी सुबक अक्षरात ८ चे फॅक्टोरियल ४०३२० असे लिहिलेले होते. हे उत्तर गणिताने बरोबर आहे, पण त्या प्रोग्रॅममधून ते येणे शक्यच नाही. टर्बो सी हा १६ बिटांचा कंपायलर असल्यामुळे त्यात इंट दोन बाइटचा असतो आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे पडद्यावर −२५२१६ दिसायला हवे. ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की हीच संख्या मिळते. म्हणजे तो प्रोग्रॅम ८ या संख्येसाठी कधी चालवलाच गेला नव्हता आणि आउटपुट कॅल्क्युलेटरवरून आले होते. त्या विद्यार्थ्याने −२५२१६ पाहिले असते, 'हे काय आले?' म्हणून विचारले असते, तर दोन बाइट म्हणजे काय, ऋण संख्या यंत्रात कशी साठवतात आणि संख्या उलटून ऋण का होते हे तिन्ही धडे एका दुपारी झाले असते. पुढे कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पेपरात हाच भाग वेगळ्या नावाने येतो आणि तिथे तो पाठ करावा लागतो.

नवा कंपायलर वापरला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे सरकतो. जीसीसीमध्ये इंट चार बाइटचा असल्याने १२ पर्यंत उत्तर बरोबर येते आणि १३ चे फॅक्टोरियल ६२२७०२०८०० ऐवजी साधारणपणे १९३२०५३५०४ असे छापले जाते. हे जास्त घातक आहे, कारण उत्तर धन आणि भरभक्कम दिसते व कुणालाही संशय येत नाही.

बाटूच्या, म्हणजे लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, आजवरच्या आराखड्यात तिसऱ्या सत्रात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डेटा स्ट्रक्चर, त्यानंतर अल्गोरिदम व ऑपरेटिंग सिस्टिम, आणि पुढे डेटाबेस, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर असा क्रम राहिला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची मांडणी बदलली, काही विषय पुढेमागे झाले, तरी पाया तोच आहे. डेटा स्ट्रक्चरमधल्याच रचना पुढे भेटतात: कंपायलरच्या सिंबॉल टेबलमध्ये हॅशिंग येते, डेटाबेसच्या इंडेक्समध्ये बी-ट्री येते, ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेड्यूलरमध्ये (कोणता प्रोग्रॅम कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागात) रांग येते. ज्याने रांग कधी स्वतःच्या हाताने मोडून पाहिलेली नाही, त्याला शेड्यूलर ही केवळ व्याख्या वाटते.

तेव्हा प्रश्न असा की वही खरी लिहिली जावी यासाठी आपापल्या महाविद्यालयात काय करता येईल? विद्यार्थी, शिक्षक, नोकरी करणारे सर्वांनी लिहावे.

---

पूर्णा जंक्शन (तिसरे वर्ष)

सर, आपले म्हणणे पटले, परंतु विद्यार्थ्यांच्या बाजूने काही गोष्टी मांडतो. आमच्याकडे लेखी परीक्षेची विभागणी २०-२०-६० अशी आहे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाला २०, मिड सेमला २० आणि सत्रान्त परीक्षेला ६० गुण असतात. अंतर्गत गुणांत वहीचा वाटा मोठा असतो आणि वही तपासताना पाहिले जाते ते अक्षर, समासाची रेघ, फ्लोचार्ट आणि अनुक्रमणिका. ज्याने खरोखर प्रोग्रॅम चालवून 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणे) असे आउटपुट लिहिले, त्याची वही परत येते आणि ज्याने उतरवून आणले त्याच्या वहीवर सही होते, हे आम्ही पहिल्या महिन्यातच शिकतो.

दुसरी अडचण यंत्रांची आहे. एका बॅचमध्ये संगणक कमी आणि मुले जास्त, त्यामुळे दोघेतिघे एकत्र बसतात आणि त्यांतला एकच जण टाइप करतो. बाकीचे दोघे सत्र संपेपर्यंत पाहत राहतात. वीज गेली आणि इन्व्हर्टर बंद असला, तर त्या दिवशीचे प्रात्यक्षिक वहीतच 'होते'.

त्यामुळे एक थेट प्रश्न विचारतो. चुकलेले आउटपुट वहीत लिहिल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत, याची हमी कोण देणार?

---

गोदाकाठ (नांदेड, अध्यापन)

पूर्णा जंक्शन यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकांनीच द्यायला हवे. मी माझ्या बॅचपुरता एक नियम केला आहे. प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला, यंत्र सुरू करण्यापूर्वी, विद्यार्थ्याने 'माझ्या मते आउटपुट हे येईल' असे एक वाक्य पेनाने लिहायचे आणि मी त्यावर तेव्हाच सही करते. नंतर प्रोग्रॅम चालवून जे आले ते त्याखाली लिहायचे. दोन्ही जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत याची तीन-चार ओळींची नोंद लिहायची, आणि गुण त्या नोंदीला असतात. ज्याचे सगळेच अंदाज जुळतात त्याला मी तोंडी परीक्षेत जरा जास्त प्रश्न विचारते. सुरुवातीला मुले कुरकुरली, पण या पद्धतीत उतरवण्यासारखे फारसे काही उरत नाही, कारण प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो.

हीच पद्धत मी ऑपरेटिंग सिस्टिमलाही वापरते आणि तिथे तिचा खरा उपयोग दिसतो. पेज रिप्लेसमेंटचे, म्हणजे मेमरीतले कोणते पान काढून नवे आणायचे याचे, गणित परीक्षेत हमखास येते, त्यामुळे मुले तक्ता भरण्यात पटाईत असतात. मी त्यांना १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही मागणीची मालिका देते आणि फिफो पद्धतीने (जे पान आधी आले ते आधी बाहेर) तीन फ्रेम (पान ठेवायच्या जागा) असताना किती पेज फॉल्ट (मागितलेले पान मेमरीत नसणे) होतील, चार असताना किती होतील, याचा अंदाज आधी लिहायला सांगते. जागा वाढली म्हणजे फॉल्ट कमी होणार, असे जवळजवळ सगळे लिहितात. प्रोग्रॅम चालवल्यावर तीन फ्रेमला ९ आणि चार फ्रेमला १० येतात. वर्गात आधी सगळ्यांना वाटते की प्रोग्रॅम चुकला. मग मुले वहीत हाताने तक्ता भरतात आणि तिथेही १० च येतात.

याला बेलाडीची विसंगती म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात तिची व्याख्या दोन ओळींची असते. पण ती घडते कशी, हे चार फ्रेमचा तक्ता ओळीओळीने पाहिल्याशिवाय कळत नाही. ५ आत येताना १ बाहेर जातो आणि लगेच पुढची मागणी १ ची असते. १ आत येताना २ बाहेर जातो आणि पुढची मागणी २ ची असते. शेवटपर्यंत हेच चालते. प्रत्येक पान गरज लागण्याच्या अगदी आधी बाहेर ढकलले जाते. मग त्याच मालिकेवर एलआरयू (सर्वांत जास्त काळ न वापरलेले पान बाहेर काढणे) चालवायला सांगते. त्यात तीन फ्रेमला १० आणि चार फ्रेमला ८ येतात. म्हणजे एलआरयूमध्ये ही विसंगती नाही, पण या विशिष्ट मालिकेवर तीन फ्रेम असताना ते फिफोपेक्षाही वाईट ठरते. 'एलआरयू फिफोपेक्षा नेहमी चांगले' असे गाइडमध्ये वाचलेल्या मुलाला हा धक्का बसणे फार आवश्यक असते.

टर्बो सीवर सगळा दोष टाकणे मात्र मला पटत नाही. कंपायलर जुना असला तरी प्रश्न विचारणारा माणूस जागा असेल तर शिकता येते.

---

सिंदफणा (बीड, प्रयोगशाळा साहाय्यक)

लॅबच्या आतली परिस्थिती सांगतो, कारण टर्बो सी अजून का टिकून आहे याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडणार नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून आम्ही तो डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घालून चालवतो. एका यंत्रावर सगळे बसवायचे, त्याची प्रत बाकीच्या यंत्रांवर उतरवायची आणि वर्षभर हात लावायचा नाही, अशी पद्धत असते. मागच्या वर्षीच्या वहीत क्लियर स्क्रीन आणि गेटसीएच या टर्बो सीच्या खास आज्ञा असतात, त्या जीसीसीत चालत नाहीत, मुले तक्रार करतात, मग पुन्हा टर्बो सीच बसवला जातो. वही उतरवण्याची सवय आणि जुना कंपायलर एकमेकांना धरून आहेत.

गोदाकाठ मॅडम, एका बाबतीत मात्र टर्बो सी मुलांचे खरोखर नुकसान करतो. लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे प्रत्येक नोडजवळ पुढच्या नोडचा पत्ता (पॉइंटर) असलेल्या साखळीतून, नोड काढण्याचा प्रोग्रॅम घ्या. वहीतला प्रोग्रॅम 'मागचा' नावाचा पॉइंटर ठेवतो आणि काढायच्या नोडच्या मागच्या नोडला पुढच्याशी जोडतो. मधला किंवा शेवटचा नोड काढला तर सगळे सुरळीत होते. पहिलाच नोड काढायचा असेल, तर 'मागचा' हा पॉइंटर नल (कुठेच न दाखवणारा) असतो आणि प्रोग्रॅम नल पत्त्यावर लिहायला जातो. लिनक्सवर तो त्याच क्षणी सेगमेंटेशन फॉल्ट देऊन थांबतो. डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नसल्यामुळे प्रोग्रॅम बिनदिक्कत पुढे चालतो आणि संपल्यावर 'नल पॉइंटर असाइनमेंट' अशी एक ओळ छापतो. तोवर पडदा पुन्हा निळ्या संपादकावर आलेला असतो. आल्ट आणि एफ-५ दाबून मागचा पडदा पाहिल्याशिवाय ती ओळ कुणाला दिसत नाही, आणि तो पडदा कुणी पाहत नाही. मी मुलांच्या मागे उभा असतो म्हणून हे मला दिसते.

विंडोज काढून लिनक्स टाकायला पैसे लागत नाहीत. विभागप्रमुखांची सही तेवढी लागते.

---

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

सिंदफणा यांनी दिलेले उदाहरण मी पुढच्या बॅचला जसेच्या तसे देणार आहे. त्याला जोडून आणखी एक दोष सांगतो, जो लिनक्सवरही लपून राहू शकतो. संपूर्ण यादी मोकळी करताना मुले आधी नोड फ्री करतात आणि मग त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचतात. मोकळ्या केलेल्या जागेतला जुना मजकूर कधी कधी तसाच राहिलेला असतो, म्हणून प्रोग्रॅम चालल्यासारखा दिसतो, आणि चालला म्हणजे बरोबर आहे असे समजून वहीवर सही होते. जीसीसीत कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) आणि ओळींचे क्रमांक ठेवणारा -g असे दोन्ही पर्याय द्यावेत. मग प्रोग्रॅम नेमक्या त्या ओळीवर थांबतो आणि ही जागा कोणत्या ओळीवर मोकळी केली होती हेही सांगतो. तो अहवाल लांबलचक आणि इंग्रजीत असतो, मुले घाबरतात. पण त्यातल्या पहिल्या चार ओळी वाचायला शिकवणे हे एका प्रात्यक्षिकाचे काम आहे आणि माझ्या मते ते स्टॅकच्या पाचव्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त मोलाचे आहे.

टर्बो सीबद्दलचा गोदाकाठ मॅडम यांचा मुद्दा अंशतः मान्य. दोन्ही कंपायलर शेजारी ठेवून एकच प्रयोग केला, तर जुनाही उपयोगी पडतो. एक पूर्णांक आणि एक पॉइंटर असलेल्या नोडचा आकार छापायला सांगावा. टर्बो सीच्या स्मॉल मॉडेलमध्ये ४ बाइट येतात, चौसष्ट बिटांच्या जीसीसीत १६ येतात. चार अधिक आठ म्हणजे बारा व्हायला हवेत, मग सोळा का, हा प्रश्न मुलांनीच विचारला की पॅडिंगवर (मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटांवर) वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

---

दुधना (मूळ जालना, सध्या पुणे, नोकरी)

कंपनीत नवीन मुलांच्या मुलाखती घेताना जे दिसते ते लिहितो. लिंक्ड लिस्ट उलटी करा म्हटले की आपल्या भागातली मुले फळ्यावर प्रोग्रॅम झरझर लिहितात. तीन पॉइंटर, एक लूप, सगळे अचूक. मग मी विचारतो की यादी रिकामी असेल तर काय होईल, आणि एकच नोड असेल तर लूप किती वेळा फिरेल. इथे बरीच मुले गप्प होतात. प्रोग्रॅम त्यांना चित्रासारखा पाठ असतो, पण तो त्यांनी चालताना पाहिलेला नसतो.

याचे एक मूळ मला लातूर पॅटर्नच्या सवयीत दिसते. बारावीला आणि प्रवेश परीक्षेला तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून जी हातोटी येते, तीच हातोटी घेऊन मुले इथे येतात. तिथे प्रश्नाचे उत्तर एकच असते आणि ते वेळेत द्यायचे असते. प्रोग्रॅमिंगमध्ये उत्तर आल्यावर खरा अभ्यास सुरू होतो, याची सवय लागायला वेळ जातो.

भाषेचाही प्रश्न आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा पॉइंटर म्हणजे काय हे मराठीत नीट सांगू शकतो, पण इंग्रजीत सांगताना पुस्तकातले वाक्य म्हणतो आणि परीक्षकाला वाटते की याला येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकवण्याची मुभा दिली आहे. सगळे महाविद्यालय मराठीत नेणे दूरची गोष्ट असेल, पण वहीतली 'असे का झाले' ही नोंद मराठीत लिहू द्यायला कुणाची हरकत असू नये.

---

गोदाकाठ (नांदेड, अध्यापन)

लातूर पॅटर्नवरचा आक्षेप मला एकांगी वाटतो. त्या पद्धतीतला सराव वाईट नाही. रोज ठरलेल्या वेळी बसणे, चाचणी देणे, चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवणे, ही शिस्त दुसऱ्या वर्षाच्या मुलांत टिकली तर मला आणखी काय हवे? पदवीला प्रवेश मिळताच ती शिस्तच सुटते, हा खरा तोटा आहे. प्रश्न बदला, सराव तसाच ठेवा. 'क्विक सॉर्ट (यादी क्रमाने लावण्याची पद्धत) लिहा' ऐवजी 'आधीच चढत्या क्रमाने लावलेली यादी द्या, पहिला घटक पिव्हट (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो) घ्या आणि तुलना मोजा' असे सांगितले, तर हीच मुले तासाभरात दहा, शंभर, हजार घटकांचे आकडे घेऊन येतात. n घटकांसाठी n(n−१)/२ तुलना होतात, म्हणजे हजाराला ४,९९,५००, हे त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने येते. होअर यांनी ही पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हा आकडा जास्त दिवस लक्षात राहतो.

नोंद मराठीत लिहू देण्याला पूर्ण पाठिंबा. मी तशी देतेच. बाहेरचे परीक्षक आले की मात्र भुवया उंचावतात.

---

तेरणा (धाराशिव, डिप्लोमानंतर थेट दुसरे वर्ष)

नमस्कार. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. आमच्यासारख्यांची अडचण दुहेरी असते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे आम्ही वर्गात येतो तेव्हा डेटा स्ट्रक्चरचे पहिले युनिट होऊन गेलेले असते, आणि पहिल्या वर्षाचे गणित आम्ही वेगळ्या पद्धतीने केलेले असते. डिस्क्रीटमधले इंडक्शन (गणिती विगमनाने सिद्धता देणे) मला अजून जादूसारखे वाटते. शिवाय माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. घरी सराव कसा करावा? कोचिंग लावणे शक्य नाही.

---

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

तेरणा, मोबाईलवर सराव होतो आणि चांगला होतो. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचे ॲप आहे, त्यात क्लँग हा कंपायलर बसवता येतो आणि सीचे प्रोग्रॅम थेट फोनवर कंपाइल होऊन चालतात. एकदा बसवले की त्याला इंटरनेटही लागत नाही. छोट्या पडद्यावर टाइप करणे त्रासाचे आहे, त्यामुळे आधी कागदावर पूर्ण लिहून, हाताने एकदा चालवून मग टाइप करण्याची सवय आपोआप लागते. लॅपटॉपवाल्यांना ही सवय सहसा नसते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि लिनक्सचे छोटे पाठ मराठीतही आहेत आणि ते विनामूल्य आहेत. मागे पडलेले पहिले युनिट त्यांवरून भरून निघेल.

इंडक्शन वेगळे शिकू नका. रिकर्शनसोबत शिका. १ साठी उत्तर बरोबर आहे, आणि n साठी बरोबर असेल तर n+१ साठीही बरोबर असते, हे दोन भाग म्हणजे फॅक्टोरियलच्या फंक्शनमधली थांबण्याची अट आणि स्वतःला बोलावणारी ओळ. ज्या दिवशी थांबण्याची अट काढून प्रोग्रॅम चालवाल, त्या दिवशी इंडक्शनमध्ये पहिली पायरी का सिद्ध करावी लागते हे कळेल.

आता ग्राफच्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्याच्या) प्रात्यक्षिकासाठी सर्वांना एक काम देतो. पुस्तकातला पाच शिरोबिंदूंचा ग्राफ सोडून द्या आणि आपल्या भागातले रेल्वेमार्ग घ्या. मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड हा मुख्य मार्ग. परभणीहून परळी, तिथून लातूर रोड, आणि लातूर रोडहून एक फाटा लातूरकडे व दुसरा उदगीरकडे. पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा मार्ग. आणि अकोल्याहून भुसावळमार्गे मनमाड. डीएफएस (एका वाटेने शेवटपर्यंत जाऊन मग मागे येणारा शोध) लिहा, पण त्यात 'भेट दिली' ही नोंद ठेवू नका. फक्त ज्या स्थानकावरून आलो तिकडे लगेच परत जायचे नाही एवढीच अट ठेवा. आधी अकोला आणि भुसावळ वगळून चालवा, मग ती दोन्ही घालून चालवा. अंदाज आधी लिहायचा, हे गोदाकाठ मॅडम यांच्याकडून घेतले आहे.

---

पूर्णा जंक्शन (तिसरे वर्ष)

सर, केले. अकोला आणि भुसावळ वगळले तेव्हा प्रोग्रॅम सगळ्या स्थानकांवर एकेकदा जाऊन नीट थांबला. माझा अंदाज होता की दोन स्थानके वाढवल्याने दोन ओळी जास्त छापल्या जातील. प्रत्यक्षात पूर्णा, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, अकोला आणि पुन्हा पूर्णा असे छापत तो फिरतच राहिला आणि शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडला. लातूरचे नाव एकदाही आले नाही, कारण माझ्या यादीत परभणीनंतर जालना आधी होते आणि परळीची पाळी आलीच नाही. मराठवाड्यापुरता नकाशा हा ट्री (फिरून तिथेच येणारी वाट नसलेला ग्राफ) आहे आणि बाहेरची दोन स्थानके जोडली की त्यात सायकल (अशी फिरून येणारी वाट) तयार होते, हे कागदावर पाहिल्यावर लक्षात आले. 'भेट दिली' हा ॲरे घातल्यावर प्रोग्रॅम थांबला.

त्यानंतर बीएफएसने (जवळच्या स्थानकांपासून टप्प्याटप्प्याने पसरणाऱ्या शोधाने) पूर्णा ते मनमाड हा कमीत कमी टप्प्यांचा मार्ग काढला, तर उत्तर अकोला-भुसावळमार्गे आले. आमच्या गावातले लहान पोरही सांगेल की मनमाडला जायला कुणी अकोल्याला जात नाही. प्रोग्रॅममध्ये दोष सापडत नाही. हे वहीत लिहावे का?

---

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

अवश्य लिहावे, आणि कारणासह लिहावे. परभणीमार्गे आपल्या ग्राफमध्ये चार कडा आहेत: पूर्णा-परभणी, परभणी-जालना, जालना-संभाजीनगर, संभाजीनगर-मनमाड. अकोल्यामार्गे तीनच आहेत, कारण हिंगोली आणि वाशीम मी यादीत घातलेच नव्हते. बीएफएस कडा मोजते, किलोमीटर मोजत नाही. हिंगोली आणि वाशीम घालून पुन्हा चालवा, म्हणजे उत्तर बदलेल. आणि केवळ आपण कोणती स्थानके यादीत घेतली यावर उत्तर बदलत असेल, तर मोजमापच बदलायला हवे. प्रत्येक कडेला अंतर द्या आणि सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढण्याची डायक्स्ट्रा यांची १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत लावा. अंतरे रेल्वेच्या वेळापत्रकातून घ्या, मनाने लिहू नका.

तोंडी परीक्षेत 'बीएफएस आणि डायक्स्ट्रा यांत फरक काय?' असे विचारले, तर व्याख्या सांगण्याआधी वहीचे हे पान उघडून दाखवा.

---

सिंदफणा (बीड, प्रयोगशाळा साहाय्यक)

एक शंका. आमच्याकडची मुले ग्राफमध्ये परळी-बीड-अहिल्यानगर हा मार्गही घालू असे म्हणत आहेत. तो घातला तर सायकल वाढेल का?

---

मांजराकाठ (लातूर) – धागाकर्ता

अहिल्यानगर मनमाडला जोडले तर वाढेल, बीडपर्यंतच थांबले तर नाही. त्यांना दोन्ही चालवून पाहू द्या. लातूरच्या फाट्याला धाराशिव, कुर्डुवाडी आणि दौंड जोडले तर काय होते, हेही त्याच बैठकीत विचारा.